चोरखिसा

आधी खिसा, मग पिस्तूल, म्हणाली कलावती देवकर
आणि माझ्या कटिंगच्या टेबलावर तीन कागद पसरले.
सांगलीच्या दुकानात, काचेवर ठेवून,
पेन्सिलीनं गिरवून आणली होती तिनं तिन्ही हत्यारं,
जशी पोरं वहीत स्वतःचा पंजा गिरवतात.

विट्यात चाळीस वर्षं शिवतोय मी.
निम्मं गाव गलाईला परमुलखात,
सेलमला, कानपूरला, कुठं कुठं.
सोनं आटवतात, पाणी करतात त्याचं,
आणि गावी येतात ते माझे चोरखिसे लेवून:
बंडीला आतून, लेंग्याला, परकराच्या नेफ्याखाली.
चोरापासून लपवायचा, आणि नाव चोराचंच.
हे कुणी कुणाच्या बाजूनं ठरवलं
मला कधी कळलं नाही.

बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा काढून कापले तिन्ही आकार.
लायसनला अकरा महिने लागले, ती सांगत होती,
कचेरीत साहेबानं विचारलं, घरात पुरुष नाही?
आहे, म्हणाले. म्हणून तर.
मी कात्री चालवत राहिलो.

शेजारच्या किराणा दुकानातून मापं आणली,
पुठ्ठ्याला बांधली, वजन यावं म्हणून.
पहिलं लांब नळीचं. बसली की मांडीत रुतायचं,
उठली की परकर एका अंगाला ओढायचा,
जणू शेंबड्या पोरानं धरून ठेवलाय.
दुसरं रिव्हॉल्वर, पोट गोल.
दुकानदार म्हणाला होता, वैनी, हे कधी अडकत न्हाई.
अडकत नसेल. पण दिसतंय, मी म्हणालो,
बायका विचारतील, कितवा?
तेव्हा ती हसली. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा.
तिसरं चपटं, तळहातात मावणारं.
ते बसलं. जरा जास्तच चांगलं बसलं.

आता काढून दाखवा.

पदर. निऱ्यांची कड. नेफा. बटण.
मी मनात मोजत होतो, नऊपर्यंत आलो.
तिनंही मोजलं असावं.
चोर एवढा थांबत न्हाई, पोरेमामा.

मग तिनं पिशवीतून नवऱ्याची बंडी काढली.

ती बंडी मी ओळखतो. फौजदारानं दाखवली होती ठाण्यात.
हा टाका तुमचा?
माझाच. दुहेरी, मेण लावलेला दोरा,
उसवायला बसलं तर तासभर जाईल असा.
त्यांच्याकडं तासभर नव्हता.
त्यांनी टाक्याला हातच लावला नाही,
खिशाच्या भोवतीनं ब्लेड फिरवलं
आणि कापडासकट कापलं रंगरावाला.
वाचला तो. ओसरीवर बसतो आता.
दारात मोटारसायकल थांबली
की उजवी बरगडी हातानं झाकतो.

ह्यालाच लावा खिसा, माझ्या मापाची करून.
साडीवर घालीन.
लोक हसतील, वैनी.
हसू दे.

भोकाएवढं कापड जोडलं, खांदा उतरवला,
खिसा तिरका कापला, तोंड उघडं,
आतून जाड मांजरपाट.
ज्यातून वस्तू झटकन निघावी
असा चोरखिसा मी पहिल्यांदाच शिवत होतो;
हाताला सवय नव्हती, दोनदा टाके उसवावे लागले.
शिलाई नको म्हटलं तर
तिनं ती मापाच्या वहीत ठेवली आणि गेली.

दिवाळीनंतर आली.
खिसा विरलाय, मामा.
उलटा करून उजेडाला धरला.
आतला मांजरपाट कोरा. लोखंडाची घासट नाही,
तेलाचा डाग नाही.
विरला होता तो बाहेरून,
बरोबर तिथं, जिथं तळवा टेकतो.

घेतलंत का शेवटी, असं विचारणार होतो.
त्या रंगाचं कापड शोधायला
मी चिंध्यांचं बोचकं सोडलं.